खोलीत कोणी नव्हतं

गेल्या रविवारी भर उपासनेत मी माझ्या बायकोला पुसून टाकलं. मुद्दाम नाही. मुद्दाम करायला अंगात धमक लागते, आणि ती माझ्यात असती तर लग्नानंतर इतकी वर्षं मी रोज गवारीची भाजी मुकाट्याने खाल्ली नसती.

झालं असं, की नाताळच्या आधी गच्चीवर कागदी तारा टांगताना मी स्टुलावरून पडलो. ते स्टूल डुगडुगतं हे बायको दर वर्षी सांगते, आणि मला कळतं हे मी दर वर्षी तिला सांगतो. पायाचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. ते निघाल्यावरच्या पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "आज कोणाला साक्ष द्यायची आहे का?" आमच्या ख्रिस्ती मंडळीत ही रीत आहे. उठायचं, आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. मी काठी टेकत उठलो. काठीमुळे तर जास्तच शोभलो असणार.

"प्रिय मंडळी," मी म्हणालो, "या दीड महिन्यात खोलीत माझ्याजवळ कोणी नव्हतं. चार भिंती होत्या, आणि एकटा प्रभू होता."

पुरुषांच्या बाजूने दणदणीत आमेन आलं. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर माझी बायको बसली होती. ती नर्स आहे. बहिणीकडे जायला म्हणून जपून ठेवलेली सगळी रजा तिने माझ्या पायावर खर्ची घातली होती. मला भांडं दिलं, ते धुतलं, माझी दाढी केली, प्लास्टरच्या आत खाज सुटली की विणायची सुई घालून हलक्या हाताने खाजवलं. ती त्या बाकावर समोर बघत बसली होती. तिने आमेन म्हटलं नाही.

बाहेर आल्यावर तिने स्कूटी काढली आणि एवढंच म्हणाली, "बसा." मी मागे बसलो.

कॉलेजातून सुट्टीला आलेली आमची मुलगी उपासनेहून आमच्या आधीच घरी पोचली होती. तिने माझी साक्ष मोबाईलवर घेऊन घराच्या ग्रुपवर टाकलीसुद्धा होती. "पप्पा, कसली भारी बोललात!" तीही हल्ली रोज सकाळी कॉलेजातल्या काही ना काही प्रसंगातून एक धडा काढते आणि सगळ्यांना पाठवते. परवा तिचं आयकार्ड हरवलं तर त्यातून सार्वकालिक जीवनापर्यंत पोचली. मला तिच्यावर हसताही येत नाही. कारण हा रोग कुठून आला ते मला पक्कं ठाऊक आहे.

स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते, जरा जास्तच शिस्तीत. मी टीपॉयवर पाय ठेवून बसलो, आणि मला घाम फुटला. बायकोला मी नेहमीच घाबरतो, त्याचं काही नाही. घाम फुटला त्या वाक्याचा. "खोलीत माझ्याजवळ कोणी नव्हतं." हेच वाक्य, याच शब्दांत, तीसेक वर्षांपूर्वी मी आणखी एका चर्चमध्ये उभं राहून म्हटलं होतं.

तेव्हा मी संगमनेरला कॉलेजात होतो, विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. तो तरुण मीच, आणि वय लहान होतं म्हणून तरी त्याच्याबद्दल चांगलं बोलावंसं वाटायला हवं, पण मला त्याचा मनापासून तिटकारा आहे. बारीक, चष्मेवाला, केसांना तेल, आणि खिशात कायम एक छोटी वही. तिच्यावर त्याने सुंदर अक्षरात लिहिलं होतं: "दैनंदिन जीवनातील धडे". काहीही घडो, त्याचा धडा व्हायचा. सायकल पंक्चर झाली, ते पाप. पंक्चर काढलं, ते तारण. एसटी चुकली, दार बंद झाल्यावर पोचलेल्या कुमारींचा बायबलमधला दाखला तयार. खानावळीच्या डाळीत खडा लागला तर बाकीचे शिव्या घालायचे, आणि या गृहस्थाला त्यात प्रभूने खडक म्हटलेला शिष्य पेत्र दिसायचा. लोड शेडिंगमध्ये मेणबत्ती लावायला लागली की हॉस्टेलच्या खोलीतला सोबती चादर डोक्यावर ओढायचा, आता हा जगाच्या प्रकाशावर बोलणार.

दर रविवारी मी त्यातला एक धडा गावातल्या छोट्या चर्चमध्ये सांगत असे. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "केवढ्या लहान वयात केवढी समज!" मी मान खाली घालून नम्रपणे उभा राहायचो. ती मान किती खाली घालायची याची मी हॉस्टेलच्या आरशात तालीम केली होती.

खोलीतला सोबती बेलापूरचा. मुसलमान, वडील शिंपी. बापाने त्याला बजावून पाठवलं होतं की एक वर्ष जरी वाया गेलं तरी मशीनवर येऊन बसायचं, पुन्हा कॉलेजचं नाव काढायचं नाही. तो माझ्या वर्गातच होता, उंचपुरा, मोठ्याने हसणारा. नमाज जमेल तशी पढायचा, अभ्यास जमेल तसा करायचा, आणि माझे धडे जमतील तेवढे ऐकून घ्यायचा. "तू एक दिवस हागायला जाशील आन् तिथनंबी धडा घिऊन येशील," असं तो एकदा म्हणाला. मी खूप दुखावलो. खरं म्हणजे त्या विषयावर वहीत एक पान आधीच होतं.

दिवाळीनंतर मला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अंगात उभं राहायचं त्राण नाही. डॉक्टरांनी झोपून राहायची चिठ्ठी दिली. सोबती म्हणाला, "गावी सोडतो तुला." मी हात जोडले. घरी कळलं असतं तर वडिलांनी कॉलेजच सोडायला लावलं असतं. "बरं, मग हितंच पड," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून तोही तिथेच राहिला.

एकवीस दिवस. सकाळी दहाला हॉस्टेल रिकामं व्हायचं, सगळे कॉलेजला. हा दाराला आतून कडी घालायचा, पलंगाखालून कॉईलची शेगडी काढायचा, जी हॉस्टेलात ठेवायला बंदी होती, आणि माझ्यासाठी तिच्यावर मऊ भात शिजवायचा. कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांमागे धावून ऊस ओढून आणायचा, त्याच्या गंडेऱ्या करून माझ्या तोंडात घालायचा. मी ओकलो की बादली धरायचा. मला चादरीसकट उचलून मोरीपर्यंत न्यायचा आणि तोंड फिरवून उभा राहायचा. एकदा मी तापात म्हणालो, "या आजारातून देव मला काही शिकवतोय." तो म्हणाला, "शिकव म्हनावं, पर आधी भात खा."

या एकवीस दिवसांत त्याची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स बुडाली. माझीही बुडाली, पण माझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी होती. धडधाकट माणसाला कोण चिठ्ठी देणार? प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सरांची सही नसली की परीक्षेला बसता यायचं नाही, म्हणजे वर्ष गेलं, म्हणजे मशीन.

मी उठू लागलो तसा पहिला रविवार आला. चर्चला जायचंच होतं. इतक्या मोठ्या आजाराचा धडा काय वाया घालवायचा? चालवत नव्हतं, म्हणून तोच मला सायकलवर डबलसीट घेऊन गेला. बाहेर ऊन होतं, तेव्हा पाळकसाहेबांनीच त्याला आत बोलावलं. तो शेवटच्या बाकावर, मांडीवर रुमाल ठेवून बसला.

मी उभा राहिलो. आता साक्षीची एक ठरलेली घडण असते. आधी सगळा अंधार करायचा, मग एकच दिवा लावायचा. अंधार जितका गडद, तितका दिवा मोठा. आणि मी म्हटलं, "एकवीस दिवस मी मरणाच्या दारात पडून होतो. खोलीत माझ्याजवळ कोणी नव्हतं. मला पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. एकटा प्रभू माझ्या उशाशी बसला होता."

बायका डोळे पुसू लागल्या. मीही पुसले. मला अगदी खरंच दिसत होती ती रिकामी खोली. त्यात शेगडी नव्हती, बादली नव्हती, उसाची चिपाडं नव्हती, आणि तो तर नव्हताच. इतकी सुंदर रिकामी खोली मी त्याआधी पाहिली नव्हती.

परतताना नदीचा पूल आला. पायडल मारता मारताच तो म्हणाला, "मी कुठं हुतो रे?"

"म्हणजे?"

"त्या खोलीत. मी कुठं हुतो?"

"अरे, साक्षीत तसं म्हणतात," मी म्हणालो. "ती बोलायची एक पद्धत असते."

"व्हय का," तो म्हणाला, आणि चढावर मला खाली न उतरवता जोर लावून सायकल वर नेली. मी मागे बसून होतो. उतरावं असंही मला सुचलं नाही.

सोमवारी तो केमिस्ट्रीच्या सरांकडे गेला. सोबती आजारी होता, त्याची सेवा करत होतो, राहिलेली प्रॅक्टिकल्स करू द्या, म्हणाला. आता इथे दुर्दैव बघा. आमचे हे सर ख्रिस्ती, आणि आमच्याच चर्चमध्ये तिसऱ्या रांगेत बसणारे. ते म्हणाले, "काल मी तुझ्या सोबत्याचं बोलणं माझ्या कानांनी ऐकलंय. खोलीत कोणी नव्हतं म्हणाला, पाणी द्यायलाही नव्हतं. आता त्याने देवाच्या घरात खोटं सांगितलं असं समजू, का तू मला इथे खोटं सांगतोयस असं समजू?"

तो खोलीवर आला आणि पलंगावर बसून बूट काढत म्हणाला, "सर इचारत्यात, खोटा कोन. मी म्हनलो, उद्या सांगतो." मग माझ्याकडे बघून, "सांग. काय सांगू?"

जर्नल जमा करायची मुदत पुढच्या सोमवारची होती. कोणीही माणूस असता तर तडक उठून सरांकडे गेला असता. मी गेलो नाही. मंगळवारी मला अशक्तपणा वाटला. बुधवारी मी प्रार्थना केली. नाताळात तालुक्याच्या तरुणांचं शिबिर होतं आणि पाळकसाहेबांनी मुख्य भाषण मला द्यायचं ठरवलं होतं. खोटारड्याला कोण देणार? मी गुडघे टेकून विचारलं, "प्रभू, यात तुझी काय इच्छा आहे?" प्रभूची काय इच्छा असणार होती हे सायकलच्या पंक्चरवाल्यानेही सांगितलं असतं. पण मला उत्तर नको होतं, मला वेळ हवा होता. प्रार्थनेसारखी वेळकाढूपणाची सोय दुसरी नाही, आणि वर लोक तुम्हाला हलवतही नाहीत.

तो रोज विचारायचा नाही. फक्त जर्नल टेबलावर उघडी ठेवून जायचा. मधली कोरी पानं वाऱ्याने फडफडत राहायची.

गुरुवारी गेलो. सर प्रयोगशाळेत बाटल्यांवरची लेबलं बदलत होते. मी म्हणालो, "सर, तो होता माझ्याजवळ. मी जे म्हणालो ते आध्यात्मिक अर्थाने म्हणालो."

"आध्यात्मिक अर्थाने," सर म्हणाले. "मग त्याची हजेरी मी आध्यात्मिक अर्थाने लावू?"

"नाही सर."

"तुला ओकारी झाली तेव्हा बादली कोणी धरली?"

"त्याने."

"ती आध्यात्मिक होती का?"

"नाही सर. पत्र्याची होती."

सरांनी लेबल चिकटवलं, अंगठ्याने दाबलं. "मला चिठ्ठी नको आणि इथलं कानात सांगणंही नको. जिथे बोललास तिथे बोल. रविवारी. मी तिसऱ्या रांगेत असेनच. त्यानंतर मी त्याला चावी देतो, दिवसभर प्रॅक्टिकल्स करू दे, सही करतो. नाही बोललास तर नाही करत."

तुम्हाला वाटेल, आता तरी मला लाज वाटली असेल. वाटली. पण लाजेला बरोबर घेऊन मी काय केलं? शुक्रवार-शनिवार बसून पश्चात्तापाचं भाषण लिहिलं. तीन मुद्दे. नम्रतेची वाट, जिभेचा मोह, आणि शेवटी सर्व राष्ट्रांतून देव माणसं कशी वापरतो. सोबत्याला त्यात "परक्या हातांची सेवा" असा मान दिला होता. ज्याने मला चादरीसकट उचललं तो परका! हे मी दोनदा गिरवून, खाली रेघ मारून लिहिलं होतं. ते पान आज हाताला लागलं तर मी ते चुलीत घालीन, आणि गॅसच्या शेगडीवर जमत नसेल तर त्यासाठी चूल मांडीन.

रविवारी तोच मला सायकलवरून घेऊन गेला. आत ये म्हटलं तर म्हणाला, "नगं. मी भाईर बरा हाय." आणि लिंबाखाली सायकलला टेकून उभा राहिला.

मी उठलो, कागद उघडला, मान बरोबर तेवढी खाली घातली. "प्रिय मंडळी, या आठवड्यात प्रभूने मला नम्रतेचा एक अनमोल धडा..."

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "मुद्द्यावर ये."

चर्चमध्ये असं कोणी बोलत नाही. पाळकसाहेबांची पेटी वाजवणारी बोटंसुद्धा पेटीवर चुकून पडली आणि एक सूर निघाला. मी कागदाकडे बघितलं. त्यात मुद्दे तीन होते, आणि मुद्दा एकही नव्हता. मी तो दुमडला.

"खोलीत माझा मित्र होता," मी म्हणालो. "सगळे एकवीस दिवस. पाणी त्याने दिलं. भात त्याने शिजवला. मागच्या रविवारी मी खोटं बोललो. त्यामुळे त्याचं वर्ष जायची वेळ आलीय."

मी थांबलो. आमेन येईना. माझ्या आयुष्यात मी दिलेल्या साक्षींपैकी ही एकच, जिला एकही आमेन पडलं नाही. मग पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "काय रे, त्याला भात करायला येतो?"

"कच्चा राहायचा," मी म्हणालो.

"तरी खाल्लास ना?"

"खाल्ला."

"मग मागच्या टायमाला सांगायला काय झालं होतं मेल्या?"

कोणीतरी हसलं. पाळकसाहेबांनी घाईने गीत सुरू केलं. सर उठले, वहाणा घालून बाहेर गेले. खिडकीतून मला दिसलं, लिंबाखाली त्यांनी खिशातून प्रयोगशाळेची चावी काढून त्याच्या हातात दिली. तो वाकून नमस्कार करू लागला तर त्यांनी त्याला पाठीत थोपटलं. मला त्या सरांनी पुढे कॉलेज संपेपर्यंत कधी थोपटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी बाहेर आलो. म्हणालो, "सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तू होतास म्हणून."

"मी हुतो हे मला ठाव हाय की," तो म्हणाला. "बस मागं. मला प्रॅक्टिकलं हायेत."

त्या दिवशी चढ आल्यावर मी उतरलो. पाय लटपटत होते, पण चाललो. तो पुढे जाऊन वर थांबला आणि मी पोचेपर्यंत घंटी वाजवत राहिला, चिडवायला. संध्याकाळपर्यंत त्याने प्रॅक्टिकल्स उरकली, सोमवारी सही झाली, वर्ष वाचलं. पुढे तो मशीनवर बसला नाही. आज तो बेलापूरच्याच शाळेत विज्ञान शिकवतो. शिबिरातलं भाषण अर्थातच दुसऱ्याला गेलं. ते ऐकायला मी मागे बसलो होतो आणि त्यातल्या चुका मोजत होतो, म्हणजे मी किती सुधारलो होतो ते कळेल.

त्याने मला एकच सांगितलं, तेही बऱ्याच दिवसांनी, खानावळीत. "यार, एक कर. तुझ्या त्या धड्यांत मला घालू नको. वगळूबी नको आन् घालूबी नको." मी शब्द दिला. आज मोडतोय. नाव घातलेलं नाही, एवढीच काय ती लाज राखली. माझ्या लग्नात त्याने पंगतीत वाढताना ही सगळी गोष्ट माझ्या नव्या बायकोला सांगितली होती, भाताच्या वाफेसकट. ती तेव्हा खूप हसली होती.

तर गेल्या रविवारी मी टीपॉयवरून पाय उतरवला, काठी घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती कणीक मळत होती. पाठ माझ्याकडे.

"अगं," मी म्हणालो, "चुकलं माझं. पुढच्या रविवारी मी उठून नीट सांगतो सगळ्यांना. तुझ्या रजेचं, त्या सुईचं, सगळं. खरं सांगू का, यातून मला एक गोष्ट शिकायला..."

"काही शिकू नका हो," ती मागे न बघता म्हणाली. "तुम्ही शिकलात की मला ते तिसऱ्या बाकावर बसून ऐकावं लागतं. आणि माझं भांडं-बिंडं तिथे काढलंत तर याद राखा."

"मग काय करू?"

तिने कणकेचा गोळा परातीत आपटला, हात झटकले आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"बेलापूरला फोन लावा," ती म्हणाली. "त्या भावजींना म्हणावं, त्या रिकाम्या खोलीत तुम्ही आता एकटे नाही. मी पण आलेय राहायला."